डब्यातील ऊब आणि इंजिनावरचा दुसरा माणूस



चैत्र-वैशाखाच्या ऐन उकाड्यात, आपण सारे हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसला असताना, मी आपल्यापुढे आगगाडीचे डबे गरम कसे ठेवीत या विषयावर बोलायला उभा राहावे, हा थोडा विनोदच आहे. त्यातून ही आगगाडी आपल्याकडची नव्हे, विलायतेतली. आणि काळही आजचा नव्हे, तर मुख्यतः १९५५ ते १९८५ या तीस वर्षांतला. तेव्हा हा विषय का निवडला, ते आधी सांगितले पाहिजे.

मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा-कॉलेजातले शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते नगर वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम संपल्यावर. आमच्या धंद्यात नवे यंत्र येणार म्हटले की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. मालक विचारतो, खर्च किती वाचेल? आम्ही विचारतो, माणसे किती कमी होतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण तिसराही एक प्रश्न असतो, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही: जुने यंत्र मुकाट्याने, फुकटात, जी दहा कामे करीत होते, त्यांतले कोणते काम नवे यंत्र करणार नाही? ब्रिटिश रेल्वेने वाफेची इंजिने मोडीत काढून डिझेलची आणली, तेव्हा हा तिसरा प्रश्न तिच्यापुढे थंडीच्या रूपाने येऊन उभा राहिला. त्याची ही हकिकत आहे.

१. गरम पाण्याचे डबे आणि वाफेची नळी

आरंभीच्या काळात विलायतेतल्या गाड्यांत उष्णतेची काहीच सोय नसे. उतारू घोंगड्या पांघरून बसत. पुढे रेल्वे कंपन्या पायांखाली ठेवण्यासाठी गरम पाण्याचे चपटे पत्र्याचे डबे देऊ लागल्या. तासा-दोन तासांत पाणी निवे, की मोठ्या स्टेशनावर डबा बदलून घ्यावयाचा. १८८० च्या सुमारास लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे मुख्य यांत्रिक अभियंते फ्रान्सिस वेब यांनी या डब्यांत साध्या पाण्याऐवजी सोडियम अॅसिटेट नावाचे लवण घातले. हे लवण उकळत्या पाण्यात ठेवून वितळविले, की निवताना पुन्हा घट्ट होते, आणि घट्ट होता होता पोटात साठविलेली उष्णता हळूहळू बाहेर सोडते. साध्या पाण्याहून ती ऊब कितीतरी अधिक वेळ टिके.

पण खरा उपाय डोळ्यांसमोरच होता. गाडी ओढणारे इंजिन म्हणजे चाकांवर ठेवलेला एक प्रचंड बॉयलर. त्यातली थोडीशी वाफ काढून, तिचा दाब कमी करून, डब्यांच्या खालून एक नळी नेली की काम झाले. दोन डब्यांच्या मध्ये लवचीक नळी, आणि बैठकांखाली उष्णता देणारी नळकांडी. एकोणिसावे शतक संपता संपता ही पद्धत रुजली आणि विसाव्या शतकात सार्वत्रिक झाली.

ही पद्धत इतकी सोयीची का, हे समजून घेण्यासारखे आहे. एक किलो उकळते पाणी निवून कोमट होते तेव्हा ते फार तर पन्नास-साठ किलोकॅलरी उष्णता देते. पण एक किलो वाफ नुसती पाण्यात रूपांतरित झाली, तिचे तापमान एका अंशानेही उतरले नाही, तरी ती सुमारे ५४० किलोकॅलरी देते. म्हणजे वाफ ही उष्णतेची हलकी, पण गच्च भरलेली पिशवी आहे. शिवाय ती स्वतःच्या दाबाने चालते. तिला ढकलण्यास पंप लागत नाही. उष्णता देऊन झाली की तिचे पाणी होऊन रुळांवर ठिबकते. ते परत आणण्यास दुसरी नळी लागत नाही. दहा-बारा डब्यांच्या लांबलचक गाडीत, जिथे डबे रोज जोडले-तोडले जातात, तिथे याहून साधी युक्ती सापडणे कठीण.

आणि या सर्वांसाठी वेगळा माणूस लागत नसे. फायरमन कोळसा टाकीतच असे, बॉयलरकडे त्याचे लक्ष असेच. एक झडप उघडावयाची, एवढेच जादा काम. हेच ते मुकाट्याने होणारे काम.

२. डिझेल आले आणि वाफ नाहीशी झाली

लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने डर्बीच्या कारखान्यात बांधलेले १०००० क्रमांकाचे डिझेल इंजिन डिसेंबर १९४७ मध्ये, म्हणजे रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणाच्या जेमतेम तोंडावर, बाहेर पडले. १ जानेवारी १९४८ रोजी सर्व मोठ्या कंपन्या मिळून ब्रिटिश रेल्वेज झाली. पुढे जानेवारी १९५५ मध्ये आधुनिकीकरणाची मोठी योजना जाहीर झाली. अंदाजी खर्च १२४ कोटी पौंड. आणि तिच्यातले एक मुख्य कलम म्हणजे वाफेऐवजी डिझेल आणि वीज. आरंभी निरनिराळ्या कारखान्यांकडून मिळून १७४ डिझेल इंजिने प्रयोगादाखल मागविण्यात आली. त्यांतले पहिले १९५७ च्या जूनमध्ये आले.

आता डिझेल इंजिनात आग असते ती सिलिंडराच्या आत. वाफ कोठेच नाही. पण डबे तर हजारोंनी होते, आणि त्या सर्वांत वाफेच्याच नळ्या होत्या. ते सारे एकदम मोडीत काढणे शक्य नव्हते. कित्येक वर्षे वाफेची आणि डिझेलची इंजिने तेच डबे आळीपाळीने ओढणार होती. कोणी विचारील, डिझेल इंजिनही तापतेच की. त्याला थंड करणाऱ्या पाण्याची उष्णता का वापरू नये? स्वतःचे इंजिन पोटाखाली बाळगणाऱ्या छोट्या गाडीत तसे करता येते. पण ते पाणी उकळत्याहून बरेच थंड असते. ते बारा डबे फिरवून परत आणावयाचे तर पंप हवेत, जाण्या-येण्याच्या दोन नळ्या हव्यात, आणि शेवटच्या डब्यापर्यंत पोचेतो ते निवणार.

तेव्हा एकच तोड उरली: डिझेल इंजिनाच्या पोटात एक स्वतंत्र छोटा बॉयलर बसवावयाचा. म्हणजे वाफेच्या जाचातून सुटण्यासाठी डिझेल आणावयाचे, आणि त्या डिझेलच्या पाठीवर पुन्हा वाफेचेच यंत्र लादावयाचे! पण हा मूर्खपणा नव्हता. जुने आणि नवे एकत्र नांदावयाचे असले की मधला सांधा असाच वेडावाकडा होतो.

३. इंजिनाच्या पोटातले दुसरे यंत्र

या बॉयलरांत तीन नावे प्रमुख होती: स्पॅनर, स्टोन-व्हेपर आणि क्लेटन. स्टोन ही लंडनच्या डेप्टफर्डमधली जुनी कंपनी. तिने अमेरिकेतल्या व्हेपर कंपनीच्या परवान्यावर हे यंत्र काढले. अमेरिकेत डिझेल आधी आले होते, म्हणून हा प्रश्नही तिथे आधी आला होता.

त्यांच्या बांधणीत दोन तऱ्हा होत्या. स्पॅनरचा बॉयलर जुन्या घराण्यातला: पाण्याने भरलेले पिंप, आणि त्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून तेलाच्या ज्वाळेचा तप्त वायू वाहावयाचा. या नळ्या पीळदार असत, म्हणजे वायू गिरक्या घेत जाई आणि नळीच्या अंगाला अधिक भिडे. पाण्याचा साठा मोठा असल्याने हे यंत्र थोडे मंद, पण क्षमाशील. घटकाभर दुर्लक्ष झाले तरी लगेच रुसत नसे.

स्टोन-व्हेपरची तऱ्हा उलटी. तिथे पाणी नळीच्या आत आणि आग बाहेर. लांबच लांब नळीची वेटोळी केलेली. एका टोकाने पंप पाणी आत ढकलतो, आणि दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो त्या पाण्याची वाफ झालेली असते. साठा असा नाहीच. त्यामुळे हे यंत्र चटकन तापते, थोड्या जागेत मावते, आणि पिंप फुटण्याची भीती नसते. पण याची मेख अशी की पाणी, तेल आणि हवा या तिन्हींचा मेळ क्षणोक्षणी बरोबर असला पाहिजे. पाणी कमी पडले तर नळी जळते. तेल कमी पडले तर वाफेऐवजी गरम पाणीच पुढे जाते. हवा कमी पडली तर काजळी धरते. म्हणून आत जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहावरूनच तेलाचे प्रमाण आपोआप ठरविणारी यंत्रणा तिच्यात असे. सगळ्या पाण्याची वाफ न करता थोडे पाणी मुद्दाम शिल्लक ठेवीत, आणि ते वेगळे काढीत. त्याबरोबर क्षार निघून जात. क्लेटनच्या यंत्रातही नळीची वेटोळीच होती, पण त्यात पाणी पुन्हा पुन्हा फिरविले जाई.

याशिवाय संरक्षक साधने: ज्वाळा विझली तर तेल बंद करणारे, पाणी थांबले तर आग बंद करणारे, वाफ वाजवीपेक्षा तापली तर सारेच बंद करणारे. ही साधने हवीतच. पण धक्के खाणाऱ्या, तेलकट, धुराने भरलेल्या जागेत यांतले एखादे विनाकारण सुटे, बॉयलर बंद पडे, आणि मागे बारा डबे गार होऊ लागत.

कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात मी उमेदवारीच्या वयात बॉयलरवर काम केले आहे. तिथे बॉयलर जमिनीला पक्का बसविलेला असतो, पाणी मऊ करण्याची वेगळी सोय असते, आणि शिकलेला प्रमाणपत्रधारक माणूस पाळीभर त्याच्यापाशी असतो. तरीही त्याच्या तक्रारी संपत नाहीत. तेच यंत्र ताशी ९० मैल धावणाऱ्या गाडीत, दोन हजार अश्वशक्तीच्या इंजिनाशेजारी ठेवले तर काय होईल, याची कल्पना ज्याने बॉयलर हाताळला आहे त्यालाच येईल.

४. पाण्याचा हिशेब

या बॉयलरांची शक्ती ताशी सुमारे एक हजार पौंडांपासून अडीच-तीन हजार पौंड वाफ करण्याइतकी असे. आपण मधला आकडा घेऊ, ताशी दोन हजार पौंड. इंग्रजी गॅलनभर पाणी दहा पौंड भरते. ४० वर्गाच्या इंजिनात बॉयलरसाठी ८०० गॅलनची टाकी होती, म्हणजे आठ हजार पौंड. पूर्ण जोराने वाफ काढली तर चार तासांत टाकी रिकामी! लंडन ते एडिंबरो हे अंतर ३९३ मैल. त्या काळच्या उत्तम गाडीलाही सहा तास लागत.

मग पाणी कोठून आणावयाचे? इथेही जुन्याचाच आधार घ्यावा लागला. १८६० साली जॉन रॅम्सबॉटम या अभियंत्याने उत्तर वेल्समध्ये रुळांच्या मधोमध पाण्याची लांब पन्हळी बांधली होती. धावत्या इंजिनाने खाली पळी सोडावयाची आणि वेगाच्या जोरावर पाणी उचलावयाचे. ही युक्ती वाफेच्या इंजिनांसाठी होती. पण ४० वर्गाच्या आणि ३३०० अश्वशक्तीच्या सुप्रसिद्ध डेल्टिक डिझेल इंजिनांनाही तशी पळी बसविण्यात आली होती. डिझेलचे अत्याधुनिक इंजिन धावता धावता व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या पन्हळीतून पाणी उचलते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पुढे वाफेची इंजिने गेली. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरची शेवटची गाडी धावली. तेव्हा पन्हळी आणि स्टेशनातले पाण्याचे खांब राखण्याचा खर्च एकट्या डब्यांच्या उबेसाठी कोण करणार? डिझेलवरचा बॉयलर ज्या व्यवस्थेवर जगत होता, ती त्याच्या डोळ्यांदेखत मोडली गेली.

५. फायरमनचे काय झाले?

आता मी माझ्या मूळ धंद्याच्या गोष्टीकडे येतो. वाफेच्या इंजिनावर दोघे जण असत, ड्रायव्हर आणि फायरमन. मुलगा आधी इंजिने पुसण्याच्या कामावर लागे, मग फायरमन होई, आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. ही केवळ नोकरीची शिडी नव्हती. तीच शाळा होती. रस्त्याचा चढ-उतार, सिग्नलांच्या जागा, धुक्यात गाडी कशी चालवावी, हे सारे शेजारी उभे राहून शिकावयाचे. या लोकांची स्वतःची संघटना, इंजिन-चालक आणि फायरमन यांची, १८८० पासूनची. १९५५ च्या मे-जूनमध्ये वेतनश्रेणीतल्या फरकासाठी तिने सतरा दिवस संप केला होता.

डिझेलवर कोळसा टाकावयाचा नाही. मग फायरमन हवा कशाला, असा प्रश्न प्रशासनाने केला तर त्यात नवल नाही. १९५७ साली याविषयी करार झाला. काही कामांवर एकट्या ड्रायव्हरने गाडी न्यावी हे संघटनांनी मान्य केले. पण मध्यरात्रीनंतरच्या पाळीत, लांबच्या विनाथांबा प्रवासात, आणि जिथे बॉयलर चालवून डबे गरम करावयाचे तिथे, दुसरा माणूस राहील असे ठरले.

हे कलम ध्यानात घ्या. हिवाळ्यात उतारूंच्या गाडीवर दुसरा माणूस असे तो मुख्यतः या बॉयलरच्या आधाराने. त्याला आता फायरमन म्हणत नसत, नुसते ‘दुसरा माणूस’ म्हणत. काम मात्र सोपे नव्हते. सुटण्यापूर्वी बॉयलर पेटवून नळीत वाफ भरावयाची. वाटेत दाब उतरला की चालकाची खोली सोडून धडधडत्या इंजिनाच्या बाजूने, कानठळ्या बसविणाऱ्या आवाजात, बॉयलरपाशी जावयाचे. विझला असेल तर का विझला ते शोधून पुन्हा पेटवावयाचा. साचलेला गाळ वेळच्या वेळी वाफेने बाहेर फेकावयाचा. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि हातात जास्त. ज्या दुसऱ्या माणसाला आपल्या बॉयलरचा स्वभाव ठाऊक असे, त्याच्या गाडीतले उतारू उबेत असत. आणि त्यांना त्याचे नावही माहीत नसे.

टीकाकार म्हणत की संघटना बॉयलरच्या आडून नोकऱ्या राखीत होत्या. माझे म्हणणे असे की त्यात गैर काय होते? ते काम खरे होते, ते कोणी तरी करणे भाग होते, आणि त्याच्या मिषाने तरुण माणूस ड्रायव्हरशेजारी बसून रस्ता शिकत होता. मात्र एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्या कामाचा आधार एकाच यंत्रावर असतो, त्याचे आयुष्य त्या यंत्राइतकेच असते. बॉयलर गेला की कलमातला जीव जाणार, हे उघड होते. शहाण्या संघटनेने कलम मिळाल्याच्या दिवसापासूनच पुढच्या दिवसाची तयारी करावी, हा धडा मी यातून घेतला आहे.

६. कसोटीचा हिवाळा

१९६२-६३ चा हिवाळा विलायतेत भयंकर होता. मध्य इंग्लंडात १७४० नंतर इतकी थंडी पडली नव्हती. डिझेल तेलातले मेण गोठून तेलाच्या वाटा बंद होऊ लागल्या, पाण्याच्या नळ्या गोठल्या, बॉयलर बंद पडले. मोडीत निघण्याची वाट पाहत असलेल्या वाफेच्या इंजिनांना पुन्हा कामावर घ्यावे लागले. डबे गाडी सुटण्यापूर्वी यार्डातच तापवून ठेवावे लागत. त्यासाठीही जुनी इंजिने उपयोगी पडली. पूर्व विभागात बी-१ वर्गाची काही इंजिने १९६३ पासून पुढे स्थिर बॉयलर म्हणून ठेवण्यात आली. ती गाडी ओढीत नसत. एका जागी उभी राहून फक्त वाफ पुरवीत. म्हातारा कामगार फाटकावर बसवावा, तसाच प्रकार.

ज्या इंजिनांवर बॉयलरच नव्हता, त्यांची गोष्ट वेगळी. २० वर्गाची इंजिने मालगाड्यांसाठी होती. पण उन्हाळ्यात, डबे गरम करण्याची गरज नसे तेव्हा, हीच इंजिने जोडीजोडीने स्केग्नेसच्या समुद्रकिनाऱ्याकडे सहलीच्या गाड्या नेत. थंडी पडली की त्यांचे उतारूंशी असलेले नाते संपे.

७. विजेची ऊब आणि तिचे गणित

वाफेला पर्याय होता तो विजेचा. डब्यात विजेची शेगडी बसवावी आणि इंजिनावरच्या जनित्रातून तिला वीज द्यावी. दक्षिण विभागात विजेच्या गाड्या पुष्कळ असल्याने तेथील लोकांना हे नवे नव्हते. त्या विभागासाठी १९६० ते १९६२ मध्ये बांधलेली ३३ वर्गाची ९८ डिझेल इंजिने बॉयलरशिवाय, केवळ विजेच्या सोयीने आली. १९६७-६८ ची ५० वर्गाची पन्नास इंजिनेही तशीच.

आता गणित पाहू. इंजिन किती वीज देऊ शकते याचा एक अंक ठरविलेला असे, आणि अंकाचे एक माप म्हणजे पाच किलोवॉट. प्रत्येक डब्यालाही असाच अंक. डब्यांच्या अंकांची बेरीज इंजिनाच्या अंकाहून जास्त होऊ द्यावयाची नाही. इतका साधा हिशेब की यार्डातला कोणीही कामगार करू शकेल. विजेची सोय केलेल्या ४७ वर्गाच्या इंजिनाचा अंक ६६, म्हणजे ३३० किलोवॉट. अश्वशक्तीत सुमारे ४४०. या इंजिनाची शक्ती २५८० अश्वशक्ती. म्हणजे कडाक्याच्या थंडीत पूर्ण वीज दिली तर जवळजवळ सहावा हिस्सा डबे तापविण्यात जावयाचा, आणि तेवढी ओढ कमी व्हावयाची.

उलट, ताशी दोन हजार पौंड वाफ म्हणजे किती उष्णता? हिशेब केला तर सुमारे ५७० किलोवॉट भरते. आणि तिच्यासाठी ओढणाऱ्या इंजिनाची शक्ती मुळीच खर्च होत नाही. दुसरी गोष्ट: बॉयलरात तेल सरळ जाळले की त्यातली बहुतेक उष्णता वाफेत उतरते, पण तेच तेल इंजिनात जाळून, त्याची वीज करून, विजेची पुन्हा उष्णता केली, तर निम्म्याहून अधिक वाटेतच वाया जाते. नुसत्या तेलाच्या हिशेबाने पाहिले तर वाफच स्वस्त!

मग वाफ हरली का? कारण हिशेबात तेलाखेरीज इतर कलमेही होती. वाफेतली पुष्कळशी ऊब उतारूंपर्यंत पोचतच नसे. स्टेशनात उभ्या गाडीखालून उठणारे पांढरे ढग म्हणजे सांध्यांतून गळणारे पैसेच होते. इंजिनाजवळचा डबा भट्टी आणि शेवटचा डबा गारठलेला, ही तक्रार नेहमीची. पाणी भरणे, पाणी मऊ करणे, नळ्यांतले क्षार काढणे, हिवाळ्यात नळ्या गोठू न देणे, आणि दुसऱ्या माणसाचा पगार. विजेच्या तारेला यांतले काहीच लागत नाही. तिचा धोका वेगळा. ब्रिटिश रेल्वेत हा दाब सुमारे एक हजार व्होल्टचा. त्यामुळे डबे जोडणाऱ्या शंटरने प्रवाह बंद झाल्याची खात्री केल्याविना तारेला हात लावणे म्हणजे मरणच. वाफेची नळी भाजते, पण सावध करून भाजते. तार सावध करीत नाही.

शेवटचा घाव घातला तो थंड हवेने! १९७१ पासून सर्वसाधारण वापरात आलेल्या वातानुकूलित डब्यांना थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, दोन्ही हवे होते. डब्यांखालच्या वाफेच्या नळीने गारवा देण्याची सोय नव्हती. तिथे विजेवाचून गत्यंतर नव्हते.

८. एका तारेने ठरविलेले भवितव्य

याचा परिणाम किती दूरवर गेला पाहा. पश्चिम विभागात ‘वेस्टर्न’ नावाची ७४ देखणी डिझेल इंजिने होती. १९६१ ते १९६४ मध्ये बांधलेली. ३० स्विंडनला, ४४ क्रू येथे. त्यांत इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत जनित्रामार्फत नव्हे, तर तेलाच्या प्रवाहाने चालणाऱ्या यंत्रणेमार्फत जाई. म्हणजे गाडी ओढण्यासाठी त्यांत मोठे जनित्रच नव्हते. विजेची ऊब द्यावयाची तर ती आणावी कोठून? नवीन जनित्र बसविणे परवडणारे नव्हते. नवे डबे विजेचे, आणि इंजिने वाफेची. इतर कारणेही होती, पण हे एक मोठे कारण. फेब्रुवारी १९७७ मध्ये शेवटचे वेस्टर्न बाद झाले. त्यांचे वय फार तर पंधरा वर्षे. वाफेची इंजिने चाळीस-चाळीस वर्षे सहज चालत.

जी इंजिने राहिली, त्यांच्या क्रमांकांतच हा इतिहास कोरला गेला. १९७३ च्या सुमारास सर्वांना नवे क्रमांक दिले गेले, तेव्हा ४७ वर्गातली विजेची सोय असलेली इंजिने वेगळ्या उपवर्गात गेली. ३१ आणि ४५ या वर्गांतही तसेच झाले. कोणते इंजिन हिवाळ्यात कोणत्या गाडीला लावता येईल, हे क्रमांक पाहूनच कळे.

आणि जिथे हा मेळ बसला नाही, तिथे पुन्हा एक वेडावाकडा सांधा. स्कॉटलंडच्या डोंगरातून फोर्ट विल्यमला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीचे शयनडबे विजेचे होते, पण त्या मार्गावरच्या ३७ वर्गाच्या इंजिनांत ती सोय नव्हती. तेव्हा १९८३ साली २५ वर्गाची तीन जुनी इंजिने अशा रीतीने बदलण्यात आली, की त्यांनी गाडी ओढावयाची नाही, फक्त वीज पुरवावयाची. पुढचे इंजिन गाडीही ओढी आणि या म्हाताऱ्या इंजिनालाही ओढी. १९८५-८६ मध्ये ३७ वर्गातल्या काही इंजिनांना विजेची सोय झाली, आणि तो तिढा सुटला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुख्य मार्गांवरची वाफेची ऊब जवळजवळ संपली. तोवर दुसरा माणूसही बहुतेक गाड्यांवरून उतरला होता.

९. जे कोणत्याच हिशेबात नव्हते

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. या बॉयलरांची आणि वाफेच्या नळ्यांची उष्णता वाया जाऊ नये म्हणून त्यांना अॅस्बेस्टॉसचे वेष्टन असे. कित्येक डब्यांच्या भिंतींच्या आतही ऊब टिकावी म्हणून निळे अॅस्बेस्टॉस फवारलेले असे. ते फवारणारे, दुरुस्तीच्या वेळी खरवडून काढणारे, आणि शेजारी सुतारकाम करणारे कामगार ती धूळ श्वासाबरोबर घेत होते. या धुळीचा रोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी उठतो. यॉर्कच्या डबे बांधण्याच्या कारखान्यातल्या आणि इतर रेल्वे कारखान्यांतल्या अनेक कामगारांना त्याने पुढे गाठले. ब्रिटनमध्ये निळ्या आणि तपकिरी अॅस्बेस्टॉसवर १९८५ साली, आणि पांढऱ्यावर १९९९ साली बंदी आली. तोवर अनेकांच्या फुप्फुसांत ती जाऊन बसली होती.

तेलाचा खर्च मांडला गेला, पाण्याचा मांडला गेला, दुसऱ्या माणसाचा पगार तर काटेकोरपणे मांडला गेला. पण उतारूच्या उबेसाठी कारखान्यातल्या माणसाने आपल्या छातीतून जे भरले, ते कोणत्याच वहीत नव्हते. वाफेचे डबे गेले याचे मला या एका कारणाने दुःख नाही.

१०. आपल्यापुरते

आपल्या मुंबई-पुण्याच्या गाडीला ऊब नको, गारवा हवा. पण प्रश्नाचे रूप तेच आहे. आपल्या लांब पल्ल्याच्या अनेक वातानुकूलित गाड्यांना दोन्ही टोकांना डिझेल जनित्राचे डबे लावण्याची पद्धत पडली होती. गेल्या काही वर्षांत त्याऐवजी पुढच्या विजेच्या इंजिनातूनच, माथ्यावरच्या तारेतली वीज डब्यांना देण्याची व्यवस्था मोठ्या प्रमाणावर झाली आहे. तेल वाचते, धूर आणि आवाज कमी होतो. हे चांगलेच आहे, आणि त्याला विरोध करणारा कामगार नेता आपल्याच लोकांचा घात करील. पण अशा प्रत्येक बदलात त्या जनित्रांपाशी रात्रभर जागणाऱ्या माणसांना नवे कोणते काम दिले, त्यांच्या हातातले ज्ञान कोठे गेले, हे विचारणे आपले काम आहे.

श्रोतेहो, यंत्राला कोणी थोपवू शकत नाही, थोपवूही नये. गारठ्यात कुडकुडत पायांखाली पाण्याचा डबा धरून बसण्यापेक्षा बटण दाबून ऊब मिळणे केव्हाही बरे. आपल्या हाती एवढेच, की जुन्या यंत्राबरोबर कोणती कामे जात आहेत आणि नव्याबरोबर कोणते धोके येत आहेत, याची यादी बदल होण्यापूर्वी करावी, आणि ती करताना त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारावे. कारण बॉयलर कधी रुसतो आणि का रुसतो, हे त्यालाच ठाऊक असते.